चार बोटं कापड

१

मंगळवारी सकाळी दहाला मी कलासदनाच्या पायऱ्या चढले, तेव्हा आतून भांडणाचा आवाज येत होता. नागपूरच्या धंतोलीतल्या त्या दालनात एरवी इतकी शांतता असते, की स्वतःची चप्पल वाजली तरी ओशाळायला होतं. मी भराभर आत गेले. खोटं कशाला सांगू? शाळेतून निवृत्त झालेल्या, सक्करदऱ्यात एकट्या राहणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरणीला दुसऱ्याचं भांडणही सोबत वाटतं.

दालनाच्या मधोमध फळ्यांच्या ओट्यावर हातमाग बसवलेला होता. मुंबईहून आलेले चित्रकार ईश्वरदास यांच्या प्रदर्शनातली हीच वस्तू बघायला लोक येत. भिंतींवर त्यांची मोठमोठी चित्रं होती, पण गर्दी मागाभोवती. मागावर अर्धवट राहिलेलं हिरवं लुगडं, रुईफुलाच्या काठाचं. हातभर विणायचं बाकी. पुढच्या उभ्या धाग्यांपैकी चाळीस धागे ईश्वरदासांनी मुद्दाम कापून खाली लोंबते सोडले होते. शेजारी पाटी होती: ‘अनाम. उमरेडकडच्या एका ओसाड घरातून मिळालेला माग. विणकर अज्ञात.’

आज मागावर लुगडं नव्हतं.

कोणीतरी ते कापून नेलं होतं. ईश्वरदास मागापाशी येरझाऱ्या घालत होते. चाळिशीचा माणूस, दाढी राखलेली, खादीचा झब्बा. “परवा हे दिल्लीला जायचंय!” ते ओरडले. “आणि चोराची हुशारी बघा, चार बोटं ठेवून कापलंय!”

कलासदनाचे सचिव गोपाळराव घाम पुसत म्हणाले, “किल्ली एकाच माणसाकडं राहते साहेब. आन् तो उमरेडचा आहे. जुना विणकर.”

सगळ्यांनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वर म्हणजे कलासदनाचा चौकीदार. साठी उलटलेला, दालनामागच्या खोलीत एकटा राहणारा. तो भिंतीला टेकून खाली बघत होता.

“बोल ना गा काही!” गोपाळराव म्हणाले.

“मी काय बोलू?” जागेश्वर म्हणाला. एवढंच.

ईश्वरदासांनी मुदत दिली. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लुगडं मिळालं नाही, तर पोलिसात तक्रार, आणि तक्रारीत जागेश्वरचं नाव. म्हाताऱ्याची नोकरी जाणार, खोली जाणार, वर कोठडी. मला ते सहन होईना. गेली सहा वर्षं रोज सकाळी ‘या बाई’ म्हणणारा हा जगात एकच माणूस उरला होता.

मी पिशवीतून माझी रेखाटनांची वही काढली. प्रदर्शन गेल्या बुधवारी सुरू झालं, तेव्हापासून रविवारपर्यंत मी रोज त्या मागाचं चित्र काढलं होतं. पहिलं पान उघडून मी मागाशी ताडून पाहिलं आणि जागच्या जागी थबकले.

“गोपाळराव,” मी म्हटलं, “लुगडं गेलं ते गेलं. पण ते चाळीस लोंबते धागे कुठे आहेत?”

२

धागे कुठे गेले नव्हते. ते जोडलेले होते.

नाक लावून पाहिलं तेव्हा दिसलं. चार बोटांच्या कापडामागे उरलेल्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, तुटक्या टोकांमध्ये धाग्याचा तुकडा घालून दोन्हीकडे गाठ मारलेली, इतकी बारीक की फणीतून सहज सरकावी. चोर लुगडं चोरायला आला आणि जाता जाता माग दुरुस्त करून गेला, असा चोर मी तरी ऐकला नव्हता.

मग मी वहीची पानं उलटली. शाळेत पोरींना मी एकच गोष्ट पढवली: डोळ्यांना दिसतं तेवढंच काढायचं, मनचं घालायचं नाही. ती खोड मलाही होती. बुधवारच्या चित्रात चाळीस धागे लोंबत होते. गुरुवारी बत्तीस, शुक्रवारी चोवीस, शनिवारी पंधरा. रविवारी सात.

“म्हणजे रोज आठ-नऊ धागे कोणी जोडून राहिलं होतं?” गोपाळरावांनी विचारलं.

“रोज. आणि दिवसाउजेडी. रात्री किल्ली घेऊन येणाऱ्याला पाच दिवस कशाला हवेत? एका रात्रीत काम उरकलं असतं. याला रोज थोडाच वेळ मिळत होता. हा बघायला येणाऱ्यांतलाच कोणीतरी आहे.”

तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. आडवा धागा नेणारा धोटा मागावर ठेवलेला होता; त्यातली कांडी माझ्या पाचही चित्रांत हिरव्या सुताने भरलेली होती. आता ती रिकामी होती.

गोपाळरावांनी अभिप्रायाची वही मागवली. जागेश्वरने ती आणून माझ्यापुढे ठेवली, नेहमीसारखी उलटी. मी ती सुलटी केली. पाचही दिवस आलेलं नाव त्यात एकच होतं. माझ्या सहीखाली रोज शिक्क्याच्या शाईचा एक जांभळा ठसा होता. “पोट्ट्यांचे खेळ,” गोपाळराव म्हणाले आणि पान उलटलं.

मग ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले.

“प्रेमलताबाई,” ते हळूच म्हणाले, “पाचही दिवस तर तुम्हीच आल्या होत्या.”

३

आली का पंचाईत! चोर शोधायला निघाले आणि फिरून माझ्याच घरी आले. मी म्हटलं, “माझी झडती घ्या. घरात दोन पातेली, एक मांजर आणि तीस वर्षांच्या वह्या सापडतील.” गोपाळराव लाजले, पण त्यांच्या मनातली शंका पुरती गेली नाही.

आता लुगड्यावर डोळा कोणाचा होता ते बघायला हवं होतं. मी रिक्षा करून गांधीबागेत बाबारावांच्या पेढीवर गेले. बाबाराव साड्यांचे जुने व्यापारी. शनिवारी त्यांनी ईश्वरदासांना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “लाकडं तुम्ही ठेवा, लुगडं मले देऊन टाका.”

“हो, म्हटलं होतं,” बाबाराव गादीवर रेलून म्हणाले. “असं काम आता होते कुठं? पण बाई, मी कापलं असतं तर पुरं कापलं असतं. चार बोटं काहून सोडीन?”

“कोण सोडतं?”

“विणकर. आमचे वडील सांगत, माग उघडा करत नाही तो. लुगडं उतरवलं तरी चार बोटं कापड मागावर राहू देते. पुढचं काम त्यालेच जोडून चालू होते. पोट भरते ज्याच्यावर, त्याले नंगं कसं ठेवाव? व्यापाऱ्याले हे सुचत नाही, चोराले तर बिलकुल नाही.”

म्हणजे कापणारा हात विणकराचा होता. आणि कलासदनात विणकर एकच. मी गेले होते जागेश्वरला सोडवायला, आणि त्याच्या गळ्यातला फास माझ्याच हाताने आवळून परतले.

परत आल्यावर मी त्याला गाठलं. तो पायरीवर बसला होता. “जागेश्वर, ते धागे तुम्ही जोडलेत का?”

“नाही.”

“मग कोणी?”

“बाई, तुमी कायले ह्याच्यात पडता? मी एकटा माणूस. मी गेलो तर कोणाचं काय अडते?”

हे वाक्य मी स्वतःशी अनेकदा बोलले आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र राग आला.

“माझं अडतं,” मी म्हटलं.

त्याने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहिलं. आणि मला ती उलटी वही आठवली. आजची, कालपरवाची, वर्षभरातली प्रत्येक उलटी वही. जागेश्वरला जवळचं दिसत नव्हतं. ज्याला वहीची सुलटी बाजू कळत नाही, तो केसासारख्या धाग्याला गाठ कशी मारणार?

जोडणारा दुसराच कोणीतरी होता, आणि जागेश्वरला तो ठाऊक होता.

४

दालनात ईश्वरदास चित्रं उतरवून बांधत होते. दोरी मध्येच तुटली. त्यांनी दोन टोकं एकत्र धरली, अंगठ्याखालून एक वळसा घेतला, टोक दाताने तोडलं, आणि पुन्हा बांधायला लागले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

मी जवळ जाऊन ती गाठ पाहिली. मग मागावरची पाहिली. आकार निराळा, पण गाठ तीच.

“तुम्ही कुठले हो?” मी विचारलं.

“मुंबईचा.”

“जन्माने?”

“त्याचं काय आहे?” ते चिडले. “मला मागातलं काही कळत नाही. एका भंगारवाल्याकडून घेतला मी तो.”

“मग चोराने चार बोटं ठेवली, ही त्याची हुशारी आहे हे तुम्हाला सकाळी कसं कळलं? बाबारावांना विचारावं लागलं मला. आणि ही गाठ तुम्हाला कोणी शिकवली?”

त्यांनी दोरी खाली ठेवली. मला जोर चढला. “सांगू? तुम्ही विणकराच्या घरचे. धागे तुम्हीच जोडले, कापड तुम्हीच उतरवलं. दिल्लीला जायच्या आधी वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून. आणि नाव घालायला एक आंधळा म्हातारा मिळाला!”

माझा आवाज दालनात घुमला. मला वाटलं, ते अंगावर येतील. पण ते मागाकडे वळले. खाली वाकून त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग तिसरीवर. चेहरा पांढरा पडला.

“मी नाही जोडले,” ते म्हणाले. “पण...”

“पण काय?”

“काहून...” मुंबईची भाषा सोडून ते एवढंच बोलले, आणि दोरी, चित्रं, सगळं तिथेच टाकून भरभर बाहेर निघून गेले.

५

संध्याकाळी घरी आले. मांजराला दूध दिलं, स्वतःसाठी खिचडी टाकली आणि वही घेऊन बसले. मी चुकले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. ती गाठ त्यांना ओळखीची होती. माणूस स्वतःची गाठ बघून पांढरा पडत नाही.

मी पाचही चित्रं ओळीने मांडली. या वेळी मागाकडे नाही, कडेकोपऱ्यांकडे पाहिलं. आणि मला त्या चपला दिसल्या.

ओट्यापाशी, पानाच्या डाव्या कोपऱ्यात, रबरी चपलांचा जोड. एका चपलेचा पट्टा जाड दोऱ्याने शिवलेला. कोपरा रिकामा वाटतो म्हणून मी तो काढला असणार. पाचही चित्रांत तोच जोड होता. कलासदनात कोणी चपला काढत नाही. मागापुढे चपला कोण काढील? ज्याच्या घरी मागाला देवाइतका मान असतो, तो.

मग एकेक आठवू लागलं, आणि माझी मलाच लाज वाटू लागली.

बुधवारी, पहिल्याच दिवशी, एका बाईने मला विचारलं होतं, “बाई, काय लिवलं आहे वं इथं?” मी वहीतून मान वर न काढता पाटी वाचून दाखवली होती. ओसाड घर. विणकर अज्ञात. ती बाई बराच वेळ उभी होती. मी तिचे पाय तेवढे पाहिले होते. माझ्याकडे कोणी बघत नाही म्हणून मी तीस वर्षं कुढते आहे, आणि मी तरी कुठे बघते?

मग चहा. गुरुवारपासून रोज अकराला जागेश्वर म्हणायचा, “बाई, कोपऱ्यावर चहा घेऊन या, मी हाव इथं.” मी अर्धा तास जायची. वाटायचं, कोणीतरी आपल्या चहाची काळजी करतंय. मी इतकी सुखावले होते की गुरुवारी त्याच्यासाठी भजीसुद्धा आणली. गर्दी व्हायची ती दुपारनंतर; त्या अर्ध्या तासात दालन रिकामं असायचं. आठ धागे. नऊ धागे.

आणि सोमवार. सोमवारी कलासदन बंद असतं. मला ते ठाऊक आहे. तरी मी गेले होते, कारण सोमवारी मला दुसरीकडे कुठे जायचं नसतं. बंद दाराशी थोडी उभी राहिले. आतून खट-खट, खट-खट आवाज येत होता. वाटलं, दिल्लीच्या खोक्यांसाठी सुतार आला असेल. पण खोकी तर अजून सांगितलीच नाहीत, असं गोपाळराव आज सकाळी म्हणाले होते.

तो सुतार नव्हता. गाठीला डोळे लागतात; विणणाऱ्याचे हात डोळ्यांवाचूनही चालतात. धागे जोडले त्या बाईने, आणि सोमवारी विणलं जागेश्वरने. रिकामी कांडी त्याचीच साक्ष देत होती. त्यांनी लुगडं नुसतं चोरलं नव्हतं. आधी पुरं केलं होतं.

ती बाई कोण, हे आता सांगायला नको होतं. ईश्वरदासांना गाठ मारायला ज्या हातांनी शिकवलं, तेच हात. आणि उद्या पाचला तिचा मुलगा पोलिसांना बोलावणार होता. खिचडी खाली लागली, तरी मी तशीच बसून राहिले.

६

माग उमरेडकडचा, म्हणजे ती बाईही रोज तिकडूनच येत असणार. बुधवारी सकाळी मी घराजवळच्या थांब्यावर उमरेडहून येणाऱ्या एस.टी.त चढले आणि प्रवाशांचे पाय बघत पुढे सरकले. तिसऱ्या बाकाखाली शिवलेल्या पट्ट्याची चप्पल होती. दोरा हिरवा होता.

मी पायांवरून नजर वर नेली. सत्तरीच्या घरातली बारीक बाई, कपाळ मोकळं, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी शेजारी बसले.

“तुम्ही मला पाटी वाचायला सांगितली होती,” मी म्हटलं.

तिने मला ओळखलं. “तुमी चित्र काढणाऱ्या बाई.” मग गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली, “काल दारातूनच वापस गेली मी. जागेश्वरभाऊवर आळ आला म्हणते. माह्यापायी त्याले कायले शिक्षा? मीच जाऊन सांगतो.”

तिचं नाव रुख्माबाई. नवरा नत्थूजी. ईश्वरदास मुंबईला गेल्यानंतर जागेश्वर त्यांच्या शेजारच्या मागावर पंधरा वर्षं बसला, डोळे गेले तेव्हा नागपूरला आला.

“जनमभर दुसऱ्याची लुगडी विणली माणसानं,” रुख्माबाई म्हणाली. “मी कांड्या भरल्या, धागे जोडले. अंगावर नेहमी बाजारचं जाडंभरडं. म्हातारपणी म्हणे, आता एक तुह्यासाठी लावतो. हातभर राहिलं आन् गेले. आमच्यात माणूस गेला तर त्याचं मागावरचं घरच्यानं पुरं कराव लागते. नाहीतर जीव अडकून राहते त्याचा. पोरगा आला, म्हणे बाबाचा माग मुंबईले नेतो, लोक पाहतीन. मी म्हटलं ने बापा, पण पुरं करून घे. हो म्हणे.”

“आणि त्यानं धागे कापले.”

“कापले. आन् बापाचं नावच नाही.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “रविवारी आला होता. बड्या लोकाईसंग. मी मागापाशी उभी होती. मले म्हणे, बाजूला व्हा मावशी. तोंडाकडं पाह्यलंच नाही.”

मी तिचा हात धरला. खूप वर्षांनी मी कोणाचा तरी हात धरला होता.

कलासदनात पोचल्यावर रुख्माबाई दारापाशीच थांबली; आत गोपाळराव, जागेश्वर आणि ईश्वरदास तिघेही होते. ईश्वरदास रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मी वही उघडून मागावर ठेवली आणि एकेक सांगत गेले: रोज कमी होणारे धागे, उलटी वही, रिकामी कांडी, सोमवारची खट-खट. जांभळे ठसे पोरांचे नव्हते, सही न येणाऱ्या एका अंगठ्याचे होते, हेही गोपाळरावांना सांगितलं. शेवटी चित्राच्या कोपऱ्यातल्या चपलांवर बोट ठेवलं.

“या कोणाच्या, ते मला सांगायला लावू नका,” मी ईश्वरदासांना म्हटलं.

ते चपलांकडे बघत राहिले. मग दाराकडे पाहिलं. रुख्माबाईने ओट्यापाशी येऊन नेहमीप्रमाणे चपला काढल्या, गाठोडं सोडलं आणि हिरवं लुगडं मागावर ठेवलं.

“घे,” ती म्हणाली. “मी चोरलं. तुह्या बापाचं पुरं झालं. आता हे पुन्हा तोड, दिल्लीले ने, पोलिसाले दे, काय कराचं ते कर. आता हिरवं मले कायले चालते?”

ईश्वरदास पुढे आले. मला वाटलं, पाया पडतील, रडतील. तसं काही झालं नाही. त्यांनी लुगड्याचं टोक हातात घेतलं आणि निरखलं.

“दशा बांधायच्या राहिल्या,” ते म्हणाले.

“जागेश्वरभाऊले दिसत नाही. मले बी आता गाठ मारवत नाही. चाळीस धागे जोडले.”

ते तिच्या पायाशी फरशीवर बसले. पदराच्या सुट्या धाग्यांची एक बट घेतली, अंगठ्याखालून वळसा दिला आणि गाठ मारली. मग दुसरी. पाचव्या-सहाव्या गाठीला बट त्यांच्या हातून निसटली, तेव्हा रुख्माबाईने वाकून ती बट धरून ठेवली. “हळू,” ती म्हणाली. “घाई नोको करू. लहानपणीसारखीच घाई तुले.”

तक्रारीचा विषय कोणी काढला नाही. गोपाळराव चष्मा पुसत बाहेर गेले. नवी पाटी मीच लिहिली. ईश्वरदास म्हणाले, त्यांचं अक्षर आज बरं येणार नाही. ‘विणकर: नत्थूजी, उमरेड. धागे जोडणारी: रुख्माबाई. पुरं करणारा: जागेश्वर.’ लुगडं उमरेडला गेलं. माग दिल्लीला गेला तो चार बोटं कापडासह.

मायलेक दोघं संध्याकाळच्या गाडीने गेले. दालन पुन्हा रिकामं झालं, भिंतींवर खिळे तेवढे राहिले. गोष्ट संपली की मला घरी जायची भीती वाटते. मी उगाच वही चाळत उभी होते.

“बाई,” जागेश्वर म्हणाला, “कोपऱ्यावर चहा घेऊन या.”

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “आता काय न्यायचं राहिलंय?”

“काही नाही,” तो म्हणाला, आणि दाराला कुलूप घालून चाचपत पायरी उतरला. “आज मी बी येतो.”